निष्क्रिय म्हणून काढलेली नावं

फाल्गुनात बोईसरच्या सकाळीला दोन वास असतात. ऊन चढेपर्यंत डोंगराकडचा वारा खाली उतरत असतो. त्यात सुकल्या गवताचा, भातरोपांसाठी भाजलेल्या राबाचा आणि कुठेतरी टपटपू लागलेल्या मोहफुलांचा गोडसर, किंचित आंबूस वास असतो. मग दुपारच्या आत कधीतरी वारा पाठ फिरवतो आणि समुद्राकडून येऊ लागतो. येताना तो सातपाटी-तारापूरकडचे वाळते बोंबील, ओली जाळी, खारट दमटपणा, आणि वाटेतल्या कारखान्यांच्या चिमण्यांनी हवेत सोडलेलं जे काही असेल ते सगळं एकत्र बांधून आणतो. या दोन वाऱ्यांच्या मध्ये थोडा वेळ हवा अगदी स्तब्ध उभी राहते. मी रोज पालघरहून येऊन आमच्या अभ्यासकेंद्राच्या खिडक्या उघडते ती साधारण याच वेळी. खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे, पाण्याची टाकी बघायची, सर्व्हरचा हिरवा दिवा लागला की नाही ते बघायचं, आणि मग दिवसभराच्या कामांची यादी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायची. यादी लिहिली की माझा जीव जागेवर येतो. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एवढा एक छंद असायला कुणाची हरकत नसावी.

आमचं केंद्र म्हणजे बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. कॉलेजात रोज जाऊ न शकणारी मुलं इथे बाहेरून परीक्षेला बसतात. एका बाजूनं किनाऱ्यावरच्या मुली येतात, पहाटे आईबरोबर मासळीच्या पाट्या उतरवून, हात लिंबानं घासून. दुसऱ्या बाजूनं डोंगरातल्या पाड्यांवरची मुलं येतात, दोन जीप बदलून. भात कापून झाल्यावर ज्यांच्या घरात दाणे टिकत नाहीत, ती कुटुंबं दिवाळी उरकली की वीटभट्ट्यांवर जातात. त्यांची मुलंही जातात. होळीला सगळी परत येतात. डोंगरात होळीला घरी नसणं ही गोष्ट मृत्यूखेरीज दुसऱ्या कारणानं घडत नाही. होळी झाली की भट्टीचा ट्रक येतो आणि ती पुन्हा निघून जातात, थेट पावसापर्यंत.

या सगळ्या येण्याजाण्यात अभ्यास टिकावा म्हणून आम्ही एक वेबसाइट चालवतो. 'आम्ही' म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलाखालचा एक जुना संगणक, जो आमच्याच भिंतीतली वीज खातो आणि आमच्याच मुलांची पानं सांभाळतो. त्यावरची प्रणाली मुक्त आहे. जगात कुठे कुठे बसलेल्या माणसांनी ती लिहिली, आणि घ्या, वापरा, बदला म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवून दिली. मराठीतही कुणीतरी, नाव न सांगता, तिच्या सूचना उतरवून ठेवल्या आहेत. मला याचं फार अप्रूप वाटतं. आजच्या काळात कुणी कुणाला काही देऊन वर पावतीही मागत नाही, हे खरं वाटतं का तुम्हांला? मुलं वहीवर स्वाध्याय लिहितात, फोननं पानांचे फोटो काढतात आणि या साइटवर आपापल्या नावाखाली चढवतात. मार्च संपायच्या आत ते स्वाध्याय इथूनच पुढे मंडळाकडे जातात. स्वाध्याय गेले तर प्रवेशपत्र येतं. नाही गेले तर वर्ष गेलं. एवढा सरळ हिशेब.

होळीच्या आदल्या दिवशी वनिता आली. डोंगरातली मुलगी, बारावीला बसलेली, कामाला चोख. दिवाळीपूर्वीच तिनं बहुतेक सगळे स्वाध्याय चढवून ठेवले होते; भट्टीवर कुठली वही नि कुठला दिवा! आता राहिलेला एक द्यायचा होता. नखांत लाल माती, केसांना लावलेलं तेल मात्र ताजं. ती खुर्चीवर बसली, तिनं आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि मग पुन्हा टाकला. मी पाठमोरी होते. बराच वेळ कळफलकाचा आवाज येईना म्हणून वळले तर ती हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसलेली. "बाई, हा सांगतो असा कोनी नायच."

अशा वेळी मी घाबरत नाही. माझी एक पद्धत आहे: आधी बोट तपासायचं, मग तार, मग यंत्र, मग माणसं. बोटं तपासली, तिनं नाव बरोबर टाकलं होतं. तार तपासली, शेजारच्या खुर्चीवरची सातपाटीची दर्शना त्याच तारेवर मजेत स्वाध्याय चढवत होती. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. खाऱ्या हवेनं त्याचे स्क्रू तांबूस पडले आहेत आणि पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो, पण ते चालू झालं, हिरवा दिवा लागला, साइट उघडली. वनितेनं पुन्हा नाव टाकलं. असा वापरकर्ता अस्तित्वात नाही. अस्तित्वात नाही! पासवर्ड चुकला असं नव्हे, थोड्या वेळानं या असंही नव्हे. वनिता माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "मी तर इतं बसली हाय ना बाई?" त्या हसण्यात थोडी भीती होती, आणि ती भीती मला अजिबात आवडली नाही.

मी केदार सरांना फोन लावला. आमचे संगणकाचे सर. आठवड्यातून दोनदा येतात, एरवी फोनवर भेटतात. "मॅडम, कॅशे क्लिअर करा," ते म्हणाले. केली. "मग ब्राउझर बदला." बदलला. "मग त्या मुलीला म्हणावं नवीन खातं उघड." मी विचारलं, जुन्या खात्यातले स्वाध्याय? "ते बघू ना मॅडम, सण झाल्यावर." तुम्ही कधी बिघडलेल्या यंत्रापुढे बसून, ते यंत्र न बघणाऱ्या माणसाचा सल्ला ऐकला आहे का? त्याच्या आवाजात जी प्रसन्नता असते, तिच्यासारखी डोक्यात जाणारी गोष्ट दुसरी नाही.

तेवढ्यात पाड्यांवरची आणखी मुलं येऊ लागली, होळीच्या बाजाराला बोईसरला आलेली, तेवढ्यात स्वाध्याय बघून जावेत म्हणून जिना चढलेली. एकाचंही नाव लागेना. दर्शनाचं लागत होतं. तारापूरकडच्या मुलांचं लागत होतं. वाणगावच्या बागायतवाल्याच्या मुलाचं लागत होतं, जो वर्षभर एक ओळ लिहीत नाही. डोंगरातून आलेल्या मुलांतलं मात्र एकाचंही नाही. यंत्राला जात, गाव, पाडा काही कळत नाही. मग एवढी अचूक निवड यंत्रानं केली कशी? बोट, तार, यंत्र तपासून झालं होतं. आता माणसं उरली होती.

मी व्यवस्थापकाच्या सूचनांची पानं एकेक करून उघडत गेले. कंटाळवाणं काम आहे ते, तांदूळ निवडण्यासारखं. पण मला तांदूळ निवडायला कधीच कंटाळा आलेला नाही. बऱ्याच आत, 'स्वच्छता' नावाच्या पानावर, एका चौकटीत बरोबरची खूण होती. पुढे स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: निष्क्रिय वापरकर्ते काढून टाका. आणि त्याखाली, किती काळ न आलेल्यांना निष्क्रिय समजायचं ते. तीन महिने.

दिवाळी ते होळी किती महिने होतात, हे आमच्या तालुक्यात कुणाला शिकवावं लागतं का?

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आमच्या केंद्राचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना दिवाळीच्या आधी साफसफाई लागते. चांगली सवय आहे. मीही त्याच मातीची. जाळ्या काढल्या, मोडक्या खुर्च्या भंगारवाल्याला दिल्या, जुनी मासिकं बांधली, पायऱ्या धुतल्या. आणि शेवटी अण्णांनी टेबलाखाली बोट दाखवून म्हटलं, "केदार, तेवढा हा पण साफ करून टाक. जुनं जुनं काढ." केदार सरांनी ओल्या फडक्यानं त्याची पेटी पुसली, आणि मग आतूनही साफ करायचा म्हणून ती चौकट शोधून तिच्यावर खूण केली. लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकूही वाहिलं. भाऊबीज झाली, भट्टीचे ट्रक आले, पोरं पाठीवर अंथरुणं बांधून निघून गेली, आणि आमचं स्वच्छ झालेलं यंत्र इथे बसून, मुकाट्यानं, त्यांचे दिवस मोजू लागलं.

मला राग आला. तो कसा आला हे सांगायला हवं, कारण मला राग येतो तो भांडी आपटणाऱ्या बाईसारखा नाही. मी जास्त नीट वागू लागते. मी फळ्यावरची यादी पुसली, नवी लिहिली, अक्षर नेहमीपेक्षा टपोरं काढलं, आणि खडू मोडला.

निष्क्रिय! पहाटे चांदण्या असताना उठून चिखल तुडवणारी, तो साच्यात भरून ओळीनं विटा पाडणारी, बापाच्या पाठीमागे वाकून दिवस काढणारी मुलगी निष्क्रिय. आणि खुर्चीवर बसून रोज एकदा साइट उघडून फक्त चेहऱ्याचा फोटो बदलणारा मुलगा सक्रिय. शब्दांना लाज नसते, पण लावणाऱ्यालाही नसावी? आणि हे केवळ आमच्या यंत्राचं नाही. जो समोर दिसत नाही तो काही करत नाही, अशी एक पक्की समजूत आपल्या सगळ्या कारभारात मुरलेली आहे. शिधा न्यायला कुणी आलं नाही? नाव कमी करा. पट पडताळणीच्या दिवशी पोर वर्गात नाही? खोडा. घर बंद आहे? शेरा मारा. गैरहजर माणूस कुठे गेला, का गेला, त्याच्या पाठीवर काय आहे, हे विचारायला जिना उतरावा लागतो. खोडायला नुसतं मनगट हलवलं की झालं. म्हणून खोडणारे नेहमी जास्त, आणि जिना उतरणारे थोडे.

क्षणभर वाटलं, ही प्रणाली ज्यांनी लिहिली त्यांनाच चार शब्द सुनवावेत. कुठल्या थंड देशात, बारा महिने एकाच बाकावर बसणारी मुलं डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी हे लिहिलं असेल! पण मग मी त्या पानावरची बारीक अक्षरं वाचली. त्यांनी ती चौकट रिकामीच ठेवून पाठवली होती. वर लिहिलंही होतं, जपून वापरा, काढलेली खाती परत येत नाहीत. दूरच्या अनोळखी माणसांनी आमच्या मुलांची जेवढी काळजी केली, तेवढी आम्ही एका खोलीत बसून केली नाही. खूण आमची होती. माझा राग निमूटपणे घरी परतला, आणि घरचा राग अधिक जळतो.

"बॅकअप आहे की," केदार सर म्हणाले. आता ते आले होते, होळीच्या सकाळी, बायकोचा पुरणाचा स्वयंपाक सोडून. तेवढं श्रेय त्यांना देते. बॅकअप होता. एकच होता. दर आठवड्याला नवी प्रत जुन्या प्रतीवर बसत होती, कारण तेवढी जागा वाचते. म्हणजे नावं गेल्यानंतरच्या आठवड्यात, नावं नसलेली प्रत, नावं असलेल्या प्रतीवर अगदी वक्तशीरपणे बसली होती. जागा वाचवणाऱ्यांनी या जगाचं जेवढं वाटोळं केलं आहे तेवढं उधळ्यांनी केलेलं नाही. केदार सर मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, चूक झाली. पण मुद्दाम नाही केली." मुद्दाम नाही! ते मलाही माहीत होतं, आणि त्यामुळेच जास्त संताप येत होता. मुद्दाम करणाऱ्याला निदान वनिता दिसली असती.

अण्णांना फोन केला. ते होळीच्या लाकडांच्या गडबडीत होते. "वहिनी, एवढं काय मनावर घेता? पुढच्या वर्षी बसतील. कुठे पळून जातंय वर्ष?" मी म्हटलं, अण्णा, तुमच्या नातवाचं पळू द्या एक. ते हसले, मग हसायचे थांबले, मग म्हणाले, "बघा तुम्हांला काय करायचंय ते." आमच्याकडे याला परवानगी म्हणतात. पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षापर्यंत वनितेचं लग्न होऊन गेलेलं असेल. हे मला तिनंच आदल्या दिवशी सांगितलं होतं, पायऱ्या उतरता उतरता, बाजारात मिरच्या महाग झाल्या असं सांगावं तसं. "बारावी झाली तर बापूस थांबेल बोलला. नाय झाली तर मे मधी." आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या पाड्यावर ट्रक येणार होता.

खोलीत आम्ही दोघं, आणि टेबलाखाली घरघरणारं ते यंत्र. केदार सर स्क्रीनवर काहीतरी चाळत होते. मला वाटतं, मला तोंड द्यायला नको म्हणून. एकाएकी म्हणाले, "मॅडम, हे बघा. पानं गेलेली नाहीत." खरंच नव्हती. यंत्रानं नावं पुसली होती, पण मुलांनी चढवलेले फोटो आत खोल एका कप्प्यात तसेच पडून होते. कुणाचे ते मात्र यंत्राला ठाऊक नव्हतं, आणि नाव साइटच लावते म्हणून पानांवर कुणी ते लिहिलेलंही नव्हतं. प्रत्येक फोटोला नावाऐवजी अर्थहीन अक्षरांची एक लांब माळ. प्रणालीत त्यांना अनाथ फाइली म्हणतात, आणि शेजारीच एक बटण होतं: अनाथ फाइली काढून टाका. दिवाळीच्या साफसफाईत केदार सरांना हे बटण सापडलं नव्हतं, एवढंच आमचं नशीब. मी त्यांना म्हटलं, त्या बटणाच्या आसपास बोट आलं तर मी होळीत काय टाकेन ते सांगत नाही. ते पहिल्यांदा हसले. मीही, नाइलाजानं.

धुळवडीच्या दुपारी मी फोन करकरून मुलं गोळा केली. डोंगरातली जी अजून निघाली नव्हती ती आली, आणि कुतूहलानं किनाऱ्यावरचीही; कानांमागे गुलाल, भांगात हिरवा रंग, हात मात्र धुवून या म्हणून मी दारातच उभी. केदार सरांनी एकेक पान भिंतीवर मोठं करून दाखवायला सुरुवात केली. मुलं अक्षरं वाचतच नव्हती. पानांच्या कडेला बघत होती. "ओ, ती आमची जमीन! शेनानं सारवलेली, ती भेग बघा." "तो बकरीचा पाय माझ्या घरचा हाय." एका पानाखाली ताडपत्री होती, एकाखाली सूप, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी आजीचा चांदीची वाळी घातलेला पाय. दर पानाला आरडाओरडा, दर पानाला एक मालक. फोटोत पानाशिवाय काही दिसता कामा नये, कडा नीट कापाव्यात, असा आमचा छापील नियम भिंतीवर लावलेला आहे. तो ज्यांनी मोडला, त्यांची वर्षं त्या दुपारी वाचली.

वनितेनं तो पाळला होता. ती नव्हतीच तिथे; ट्रक पहाटेच गेला होता. शेवटी जी पानं उरली ती सगळी स्वच्छ, सरळ, कडा कापलेली, जणू कुणाच्याच घरात न लिहिलेली. त्यांत तीन-चार जणींची असावीत, आणि अक्षर सगळ्यांचं एकसारखं गोल, कारण त्या सगळ्या एकाच आश्रमशाळेत, एकाच गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या. वनितेच्या मैत्रिणीही माना हलवू लागल्या. "हिचाच असंल. नाय, तिचा बी असंल." असंल म्हणून मी मंडळाला काय पाठवणार होते? एकीचं पान दुसरीच्या नावावर गेलं तर दोघी बाद. नियम पाळणाऱ्या मुलीलाच ओळख नसावी, या अन्यायाला काय म्हणावं? मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर रंगलेली पोरं ट्रॅक्टरवर नाचत होती आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता, ज्यांचा काही संबंध नाही अशा ट्रॅक्टरचाही.

मागून दर्शनाचा आवाज आला. "ह्ये वनीचंच हाय." दर्शना म्हणजे तांडेलांची, फटकळ, पाच मिनिटं गप्प बसेल तर शपथ. कशावरून, मी विचारलं. ती जरा घुटमळली. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि एका दमात सांगून टाकलं, "बाई, रागवू नका. हिचं बघूनच तर मी सगळे स्वाध्याय लिवले. ही बघा खाडाखोड. तिनं चूक झाली म्हनून खोडलं व्हतं, मला वाटलं तां पन उत्तरातच हाय. मी पन लिवलं नि खोडलं." खोली हसून हसून खाली बसली. कुणीतरी ओरडलं, "गो दर्शी, नाव पन तिचंच लिवलं नाय ना?" दर्शनानं तिकडे गुलाल फेकला. मी तिचे स्वाध्याय उघडून ताडून पाहिले. खरंच, त्याच ओळीत, त्याच शब्दावर, तीच आडवी रेघ. एकेक करत तिनं वनितेचं पान न् पान वेगळं काढलं, एकदाही न चुकता. इतक्या मन लावून केलेल्या नकलेला शिक्षा काय द्यावी, हे माझ्या कुठल्याच नियमावलीत नाही; मी तो विषय अजून लांबणीवर टाकला आहे.

वनितेचं खातं नव्यानं उघडलं, बाकीच्यांचीही उघडली. पानं जागेवर बसवली; उरलेली दोघी-तिघींची त्यांना बोलावून, विचारून. 'स्वच्छता' नावाच्या पानावरची ती खूण मी केदार सरांच्या देखत, त्यांच्याच बोटानं काढवली. अण्णांनी नंतर विचारलं, मग यंत्र भरलं म्हणजे? मी म्हटलं, मोठं घेऊ. घर लहान पडलं म्हणून कुणी बाहेरगावी गेलेल्या लेकरांची नावं खोडतं का?

राहिलेला एक स्वाध्याय वनितेनं भट्टीवर जायच्या आधी कागदावर लिहून मैत्रिणीकडे ठेवला होता, तोही चढवला. मंडळाकडे पाठवायच्या आदल्या दिवशी मी भट्टीवरच्या मुकादमाच्या फोनवर फोन लावला. दोनदा त्यानं कापला. तिसऱ्यांदा मी माझ्या सगळ्यात टपोऱ्या आवाजात शाळा, बोर्ड, सरकार असे तीन शब्द लागोपाठ उच्चारले, तेव्हा त्यानं तिला हाक मारली. पलीकडून वारा, कुत्रं, कुठेतरी पाण्याचा पंप. मग वनिता. मी तिला सांगितलं, सगळं सापडलं, सगळं तुझ्या नावावर आहे, उद्या पाठवते. मला वाटलं ती रडेल. निदान आभार मानेल. सणासुदीला मी ज्या जिद्दीनं भांडले होते, त्या जिद्दीचं तेवढं तरी चीज झालं असतं.

"बाई," ती म्हणाली, "पाठवू नका इतक्यात. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या स्वाध्यायात एक उत्तर चुकलाय माझा."

मी पान उघडलं. हंगामी बेरोजगारी म्हणजे काय? खाली गोल अक्षरात, पुस्तकातल्यासारखंच: शेतीचा हंगाम संपल्यावर ग्रामीण लोक वर्षातील काही महिने रिकामे बसतात, त्यास हंगामी बेरोजगारी म्हणतात. मी म्हटलं, बरोबर आहे की.

"नाय बाई. मी चार महिने इचार करते. विटा पाडताना डोक्यात दुसरा काय काम असतं? कोन बसतं रिकामा? आमच्या भट्टीवर तर कोनीच नाय. गावात काम नाय, ह्ये खरं. पन मानूस रिकामा नाय. तो दुसरीकडं जातो, म्हनून गाववाल्याला वाटतं बसलाय. असां लिवायला पायजे."

मला वाटत होतं, तिच्या वतीनं एवढे दिवस मीच तेवढी जळते आहे. आणि ती, जिला आमच्या यंत्रानं निष्क्रिय ठरवून पुसलं होतं, ती तिकडे चिखलात पाय रोवून, कुणावरही न रागावता, एका उत्तराशी शांतपणे झगडत बसली होती. तेही पूर्ण गुण मिळालेच असते अशा उत्तराशी. मी तिला व्यवहाराचं सांगितलं, कारण ते सांगायला मीच आहे: तपासणाऱ्याला पुस्तकातलं लागतं, वेगळं लिहिलंस तर गुण जातील, वनिता, आणि तुला गुण हवेत. पलीकडे मुकादम ओरडला, "चल गो, विटांचा गारा सुकला." ती "आली" म्हणाली, पण फोन ठेवला नाही. विचार करत होती.

"मंग असां करा बाई. पुस्तकातला राऊ द्या, वरती. आनि माझा त्याच्या खाली लिवा. तुमी लिवा, मी सांगते."

ते पान मी छापून समोर घेतलं, पेन उघडलं. ती सांगत गेली, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत, आणि मी खाली लिहीत गेले.